विमान, मालक आणि तिऱ्हाईत

विमान आणि विमा हे दोन शब्द मराठीत उच्चाराने इतके जवळचे आहेत की, एकातून दुसरा निघाला असावा असा एखाद्याचा सहज समज व्हावा. वस्तुतः त्यांचे कूळ अगदी वेगळे. पहिला संस्कृत, देवादिकांच्या आकाशयानांची आठवण करून देणारा. दुसरा फारसीतून हिंदुस्थानी बाजारपेठेच्या वाटेने आलेला, सावकार आणि वाहतूकदार यांच्या व्यवहारात रुळलेला. एकात उड्डाणाची हौस आहे, तर दुसऱ्यात पतनाची धास्ती. विसाव्या शतकाच्या आरंभी या दोन शब्दांची गाठ पडली आणि त्या गाठीतून एक विलक्षण गुंतागुंतीचा व्यवहार जन्मास आला. मोठ्या प्रवासी कंपन्यांचे विमे हा या व्यवहाराचा भपकेदार भाग होय. त्याचे खरे मर्म मात्र खाजगी विमानाच्या लहानशा विश्वात अधिक स्पष्ट दिसते; कारण तेथे मालक, वैमानिक आणि प्रवासी ही पुष्कळदा एकाच घरातील, कधी कधी एकच माणसे असतात. या तिघांखेरीज चौथा एक असतो. तो विमानात बसलेला नसतो, त्याने तिकीट काढलेले नसते, उड्डाणाची त्याला वार्ताही नसते. तो खाली आपल्या घरात किंवा रस्त्यावर असतो. विम्याच्या भाषेत तो ‘तिऱ्हाईत’. हवाई विम्याचा इतिहास म्हणजे या चौघांकडे कायद्याचे लक्ष कोणत्या क्रमाने गेले याचा इतिहास होय. आपल्या देशात या क्रमात तिऱ्हाईत सर्वांत शेवटी उभा आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

जोखमीची वाटणी करण्याची कल्पना समुद्रावर जन्मली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार रूढ होता. गलबत सुखरूप बंदरास लागले तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे, बुडाले तर हुंडीही बुडाली, असा तो करार. कर्ज आणि विमा यांचे हे मोठे चतुर मिश्रण होते. लंडनमध्ये लॉइड्सच्या कॉफीगृहात जमणाऱ्या सागरी विमेकऱ्यांनी याच कल्पनेला शास्त्रशुद्ध रूप दिले. आकाशाचा धंदाही त्यांच्याकडेच प्रथम आला. १९११ साली लॉइड्सने विमानाचे पहिले विमापत्र लिहिले. परंतु पुढच्याच वर्षी खराब हवामानात विमाने कोसळली, भरपाया द्याव्या लागल्या, आणि विमेकऱ्यांनी काही काळ या धंद्याकडे पाठ फिरविली. समुद्राच्या बाबतीत शतकांचा अनुभव गाठीशी होता. किती गलबते निघतात आणि किती परततात याचा हिशेब मांडता येत असे. विमानांच्या बाबतीत संख्याच इतकी अल्प की सरासरी काढावी तरी कशाची? ही अडचण पहिल्या महायुद्धानंतर थोडी सुटली. युद्धात हजारो वैमानिक तयार झाले होते आणि सैन्याची जादा विमाने स्वस्तात विकली जात होती. १९१९ नंतर इंग्लंडमध्ये विमेकऱ्यांचे गट बांधले जाऊ लागले. एकट्याने न पेलणारी जोखीम अनेकांनी थोडीथोडी उचलावयाची हे त्यांचे सूत्र होते. १९३४ साली लंडनमध्ये हवाई विमेकऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या धंद्याची सूत्रे आजही बव्हंशी लंडनच्या हाती आहेत, याचे मूळ या काळात आहे.

हिंदुस्थानात खाजगी उड्डाणाचा खरा आरंभ १९२८ साली झाला. त्या वर्षी दिल्ली, मुंबई आदी ठिकाणी फ्लाइंग क्लब निघाले. त्यांना सरकारी साहाय्य होते आणि विमाने होती ती ‘मॉथ’ जातीची, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली. पुढच्या वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, जे. आर. डी. टाटा यांना मुंबईच्या क्लबमधून देशातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले ते ‘पुस मॉथ’ या लहानशा एक-इंजिनी विमानातून. संस्थानिकांनाही या नव्या वाहनाचा नाद लागला. जोधपूरचे महाराज उमेदसिंग स्वतः वैमानिक होते. आपल्याकडे कोल्हापुरास छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली विमानतळ उभा राहिला. ज्यांच्याजवळ विमान होते त्यांच्यापैकी पुष्कळांना विम्याची फारशी गरजच वाटत नसावी. विमान मोडले तर दुसरे घेण्याइतकी त्यांची ऐपत होती. विम्याची निकड क्लबांना होती आणि टपालाचा धंदा करणाऱ्यांना होती. १९१९ साली सर दोराबजी टाटा यांनी मुंबईत न्यू इंडिया ही विमा कंपनी स्थापन केली होती. तिने १९४६ साली हवाई विम्याचा स्वतंत्र विभाग उघडला. देशी कंपन्यांत हा मान तिचा पहिला. हे १९४६ साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याकडे पुन्हा यावे लागेल.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडने १९२० साली हवाई नौकानयनाचा कायदा केला. तेव्हा तेथील जमीनमालकांपुढे एक पेच होता. जुन्या कायद्याप्रमाणे ज्याची जमीन त्याचेच वरचे आकाश. मग प्रत्येक शेतावरून जाणाऱ्या विमानावर अतिक्रमणाचा दावा लावावयाचा काय? तसे झाले असते तर विमानविद्या पाळण्यातच संपली असती. म्हणून संसदेने एक सौदा केला. वाजवी उंचीवरून विमान गेले एवढ्यावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा चालणार नाही, हा सौद्याचा एक भाग. त्याच्या मोबदल्यात दुसरा भाग असा की, विमानामुळे किंवा विमानातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवरील माणसाचे अथवा मालमत्तेचे नुकसान झाले तर वैमानिकाची हयगय सिद्ध न करताही भरपाई मिळेल. जमीनमालकाने आकाशावरचा हक्क सोडला आणि त्याबद्दल सुरक्षिततेची हमी घेतली. हा सौदा न्याय्य होता असेच कोणीही म्हणेल.

हिंदुस्थानचा विमान कायदा १९३४ साली झाला. त्याचे सतरावे कलम उघडून पाहावे. वाजवी उंचीवरील उड्डाणाबद्दल अतिक्रमणाचा अथवा उपद्रवाचा दावा चालणार नाही, ही तरतूद तेथे जवळजवळ इंग्रजी कायद्याच्याच शब्दांत उतरलेली आहे. परंतु मोबदल्याचा दुसरा भाग मात्र त्या कायद्यात आला नाही. येथल्या रयतेने आकाश दिले. त्याबदली मिळावयाची हमी तिच्या पदरात पडली नाही. हा कायदा बनविणाऱ्यांनी असे का केले याचे तर्क करीत बसण्यात अर्थ नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. विमान छपरावर कोसळले तर घरमालकाने वैमानिकाची किंवा विमानमालकाची हयगय दिवाणी न्यायालयात सिद्ध करावयाची, आणि मृत्यू झाला असेल तर वारसांना आधार राहिला तो प्राणघातक अपघातांविषयीच्या १८५५ च्या कायद्याचा, म्हणजे आगगाडी या देशात नुकतीच धावू लागली होती त्या काळचा. जमिनीवरील नुकसानीबाबत रोम येथे १९३३ आणि १९५२ साली आंतरराष्ट्रीय करार झाले, परंतु त्यांचा अंमल आपल्याकडे झाला नाही.

प्रवाशाचे नशीब थोडे बरे, पण तेही उशिराने उघडले. वॉर्सा येथे १९२९ साली झालेल्या करारान्वये आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशाच्या मृत्यूबद्दल वाहक जबाबदार धरला गेला आणि त्या जबाबदारीला सव्वा लाख सुवर्ण फ्रँकची मर्यादा घालण्यात आली. आपल्याकडे १९३४ च्या दुसऱ्या एका कायद्याने हा करार लागू झाला; पण तो परदेशच्या प्रवासापुरता. देशांतर्गत प्रवासास तो लावण्याची सोय त्या कायद्यात होती, तिचा वापर मात्र तोवर झाला नव्हता. याचे फळ नागपुरास दिसले. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे डाकोटा विमान सोनेगाव विमानतळावरून उडताच कोसळले. रात्रीच्या टपालसेवेचे हे विमान. दहा प्रवासी आणि तीन कर्मचारी ठार झाले, केवळ मुख्य वैमानिक वाचला. मृतांपैकी एका प्रवाशाच्या पत्नीने दावा लावला. तो कलकत्ता उच्च न्यायालयात अपिलापर्यंत गेला आणि तेथे ती हरली. कारण तिकिटावर बारीक अक्षरात छापलेली अट न्यायालयाने ग्राह्य धरली: प्रवाशास काहीही झाले तरी महामंडळ जबाबदार नाही. देशांतर्गत प्रवासाला वॉर्साचे नियम लागूच नव्हते. परदेशी जाणाऱ्या प्रवाशाच्या विधवेला जे मिळाले असते ते नागपूरहून मद्रासला जाणाऱ्याच्या विधवेला मिळाले नाही. पुढे १९७२ चा हवाई वाहतूक कायदा आणि त्यान्वये १९७३ साली निघालेली अधिसूचना यांनी देशांतर्गत प्रवाशालाही या नियमांच्या छत्राखाली घेतले. पुढे माँट्रियल येथील १९९९ चा अधिक उदार करार भारताने २००९ साली स्वीकारला. त्यात वाहकाने पुरेसा विमा ठेवलाच पाहिजे असे कलम आहे.

येथे खाजगी विमानाचा विशेष प्रश्न उपस्थित होतो. हे सर्व करार भाडे घेऊन होणाऱ्या वाहतुकीला, किंवा विमानकंपनीने फुकट नेलेल्या प्रवाशाला लागू आहेत. एखाद्या धनिकाने आपल्या विमानातून मित्राला पाहुणा म्हणून नेले, तर तो मित्र या करारांच्या छत्राबाहेर राहतो. त्याच्या वारसांना पुन्हा हयगय सिद्ध करण्याचा जुना मार्ग. सन्मानाने बोलावलेल्या पाहुण्याची स्थिती तिकीट काढलेल्या उतारूपेक्षा कमकुवत असावी, हा या विषयातील एक मोठा विरोधाभास होय. सार्वजनिक जीवनातील माणसे पुष्कळदा दुसऱ्याच्या विमानातून प्रवास करतात. ३० सप्टेंबर २००१ रोजी उत्तर प्रदेशात मैनपुरी जिल्ह्यात कोसळलेल्या विमानात ग्वाल्हेरच्या मराठी राजघराण्यातील माधवराव शिंदे यांच्यासह आठ जण मृत्यू पावले. ते विमान एका उद्योगसमूहाचे होते. अशा वेळी विमापत्रात ‘प्रवासी’ या शब्दाची व्याख्या काय केली आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

खाजगी विमानाचे विमापत्र साधारणतः तीन भागांचे असते. पहिला भाग खुद्द विमानाचा. यात मोटारीप्रमाणे घसारा काढून किंमत ठरविण्याऐवजी पुष्कळदा आधीच उभय पक्षांनी एक किंमत मान्य केलेली असते. विमान पूर्ण नष्ट झाले तर तीच द्यावयाची. ही किंमत कमी लिहून हप्ता वाचविणाऱ्याची गत विचित्र होते. थोडी मोडतोड झाली तरी दुरुस्तीचा खर्च लिहिलेल्या किमतीच्या जवळ जातो आणि विमेकरी विमान संपूर्ण नष्ट झाले असे समजून ती अल्प रक्कम हाती ठेवतो. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ साली ते प्रदर्शनात मांडले आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर २०१९ साली त्याला उड्डाणाची अनुमती मिळाली, ही हकीगत वाचकांस ठाऊक असेल. अशा एकमेवाद्वितीय विमानाची बाजारात किंमतच नसते. मग मान्य किंमत कशाच्या आधारे ठरवावयाची? सामानाच्या पावत्यांवर की खर्ची पडलेल्या आयुष्याच्या वर्षांवर? विमाशास्त्राजवळ या प्रश्नाला पावत्यांखेरीज उत्तर नाही.

दुसरा भाग तिऱ्हाइतांबद्दलच्या जबाबदारीचा आणि तिसरा प्रवाशांबद्दलच्या. या तिन्ही भागांवर अटींचा पहारा असतो. विमान कोणत्या कामासाठी वापरावयाचे हे लिहिलेले असते. स्वतःच्या प्रवासासाठी म्हणून विमा उतरविला आणि कोणाकडून भाडे घेतले, तर संरक्षण संपले. कोण चालविणार, त्याचा परवाना कोणता, त्याच प्रकारच्या विमानावर त्याचे किती तासांचे उड्डाण झाले आहे, हेही नमूद असते. विमानाचे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र चालू हवे. आसनांपेक्षा अधिक माणसे बसविता कामा नयेत. झीज आणि हळूहळू होणारा बिघाड यांची भरपाई नाही. युद्ध, अपहरण आणि घातपात यांची जोखीम मूळ विमापत्रात वगळलेली असते. ती निराळा हप्ता भरून विकत घ्यावी लागते. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील घटनांनंतर विमेकऱ्यांनी तिऱ्हाइतांविषयीचे हे संरक्षण जगभर अवघ्या सात दिवसांच्या सूचनेने मागे घेतले आणि जगातील सरकारांना हमी घेऊन पुढे व्हावे लागले. विमा हा संकटातला मित्र खरा, पण फार मोठ्या संकटात तोही दाराला कडी लावतो, हा धडा त्या आठवड्याने दिला.

वैमानिकाची बाजू याहून नाजूक. क्लबचे किंवा मित्राचे विमान घेऊन उडणाऱ्या वैमानिकाला वाटते की विमानाचा विमा आहे, म्हणजे आपणही सुरक्षित आहोत. परंतु मालकाला भरपाई दिल्यावर विमेकरी मालकाच्या जागी उभा राहतो आणि हयगय करणाऱ्याकडून ती रक्कम वसूल करण्याचा हक्क त्याला पोचतो. वैमानिकाचे नाव विमेदारांत नसेल, किंवा हा हक्क सोडल्याचे कलम नसेल, तर ज्या विमापत्राच्या भरवशावर तो उडाला तेच त्याच्यावर उलटू शकते. आयुर्विम्याचेही तसेच. अपघाती लाभाच्या अटींत, विमेदार प्रवासी म्हणून अधिकृत विमानातून नेहमीच्या विमानतळांदरम्यान जात असेल तर ठीक, परंतु अन्य कोणत्याही नात्याने हवाई उड्डाणात गुंतला असेल तर लाभ नाही, अशा आशयाचे वाक्य आढळते. आपणांपैकी बहुतेकांच्या घरी आयुर्विमा महामंडळाचे एखादे विमापत्र लोखंडी कपाटात असतेच. कुतूहल असणाऱ्याने त्याच्या मागील बाजूच्या अटी अवश्य वाचून पाहाव्यात.

आता त्या १९४६ सालाकडे. मोटार वाहनांचा कायदा १९३९ साली झाला होता. त्यातील तिऱ्हाइताच्या सक्तीच्या विम्याचा आठवा अध्याय १ जुलै १९४६ रोजी अंमलात आला. ज्या वर्षी देशी कंपनीने हवाई विम्याचा विभाग उघडला, त्याच वर्षी रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला संरक्षण मिळाले. पुढे त्याच्यासाठी न्यायाधिकरणे निघाली, विमेकऱ्याकडून थेट वसुलीचा हक्क आला, हयगय सिद्ध न करता मिळणारी ठराविक भरपाई आली. (सरकारी वाहनांना या सक्तीतून सूट आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना सांगावयास नकोच.) आकाशातून पडणाऱ्या वाहनाच्या तिऱ्हाइतासाठी मात्र असा अध्याय १९३४ च्या विमान कायद्यात कधीच लिहिला गेला नाही. भाड्याने विमाने चालविणाऱ्यांवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विम्याची अट घातली. पण अट ही सरकार आणि परवानाधारक यांच्यामधली. तीतून तिऱ्हाइताच्या हाती कायद्याचा हक्क येत नाही. मौज अशी की, २०२१ च्या ड्रोन नियमांनी अडीचशे ग्रॅमहून जड अशा मानवरहित विमानाला मोटारीच्या कायद्यातील तिऱ्हाइताच्या विम्याच्या तरतुदी लागू केल्या. मुलाच्या हातातील खेळण्याहून थोडे मोठे यंत्र या बाबतीत कित्येक टन वजनाच्या विमानाच्या पुढे गेले. युरोपीय संघाने २००४ च्या नियमाने खाजगी विमानांसह सर्वांना वजनाच्या प्रमाणात तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला, हे येथे तुलनेसाठी नमूद करणे उचित होईल.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २५ मे २०११ च्या रात्री पाटण्याहून रुग्णाला घेऊन दिल्लीस येणारे एक-इंजिनी विमान फरिदाबादेत पर्वतीय कॉलनीतील घरांवर कोसळले. विमानातील सात आणि घरांतील तिघी मरण पावल्या. यमुनेच्या अलीकडे नोएडा, पलीकडे फरिदाबाद. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक विमान मुंबईत घाटकोपरच्या भरवस्तीत पडले. विमानातील चौघांसह रस्त्याने जाणारा एक पादचारी ठार झाला. ते विमान पूर्वी उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचे होते. नोएडात राहणाऱ्या मुंबईकराने या घटनेचा विचार करावा. दोन्ही घरांना जोडणारा असा हा दुवा आहे. आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले तेव्हा विमानातील २४१ जणांबरोबर जमिनीवरील १९ जणही गेले. एकाच आगीत सापडलेल्या दोन माणसांपैकी प्रवाशाच्या वारसांसाठी माँट्रियलचा करार तयार होता. जेवणाच्या ताटावर बसलेल्या विद्यार्थ्याच्या वारसांसाठी तसा कोणताही करार नव्हता. मोठी कंपनी लोकलज्जेने आणि आपल्या भक्कम विम्याच्या बळावर मदत देते. लहानशा खाजगी विमानाच्या मालकाजवळ तशी शक्ती असेलच असे नाही. आणि मदत ही हक्काची जागा घेऊ शकत नाही.

नोएडा ही वसाहत १९७६ साली औद्योगिक नगरी म्हणून कागदावर उतरली तेव्हा तेथे शेते होती. आज दक्षिणेस जेवर येथे नवा विमानतळ उभारला गेला आहे. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी त्याच्या धावपट्टीवर पहिले विमान चाचणीसाठी उतरले. सफदरजंगच्या माळावर १९२८ नंतर जी कापडी विमाने घिरट्या घालीत, त्यांच्या खाली बाभळी आणि थडगी होती. जेवरच्या मार्गाखाली माणसांनी भरलेले मजले आहेत. १९३४ चा कायदा नव्वद वर्षे टिकला आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. नाव मराठी माणसाला सहज समजेल असे झाले, विमानांच्या आराखड्यापासून देखभालीपर्यंत पुष्कळ गोष्टींची नव्याने व्यवस्था लागली. चौकट मात्र बरीचशी जुनीच राहिली.

१९२० च्या सौद्याचा राहिलेला अर्धा भाग पुरा करणे ही काही अवघड गोष्ट नाही. मोटारीच्या कायद्यात त्याचा नमुना तयार आहे, ड्रोनच्या नियमांत त्याचा ताजा दाखला आहे, आणि विमेकऱ्यांच्या कागदात तिऱ्हाइताचा रकाना पहिल्यापासून आहे. रकाना भरावयाचा किंवा नाही हे आज पुष्कळसे मालकाच्या सुबुद्धीवर आणि परवान्याच्या अटींवर सोपविलेले आहे, इतकेच. विमानाचा मालक आपल्या यंत्राची काळजी घेतोच. वैमानिक थोडा सावध असेल तर आपली काळजी घेऊ शकतो. पाहुणा निदान बसावयाचे की नाही हे ठरवू शकतो. छपराखाली झोपलेल्या माणसाला यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणूनच त्याची काळजी कायद्याने घेतली पाहिजे.